पिशवीला अस्तर कशाला?

इंदूरला हल्ली कुठल्याही दुकानात सामान घेतलं की ती पांढरी नाहीतर पोपटी, कापडासारखी दिसणारी पिशवी हातात देतात आणि वर म्हणतात "कपडे की है भाईसाब, प्लास्टिक थोडी है". कापड नसतं ते. नॉन-वोव्हन म्हणतात त्याला, पॉलिप्रॉपिलीनचे तंतू न विणता नुसते गरम करून दाबलेले, म्हणजे प्लास्टिकच. खात्री करायची असेल तर कोपऱ्याचा एक तुकडा कापून चिमट्यात धरून जाळून बघा, सुती कापडाची राख होते आणि हे वितळून त्याचा कडक गोळा बनतो. सरकारी नियमातसुद्धा ही प्लास्टिकमध्येच मोडते, 30 सप्टेंबर 2021 पासून 60 जीएसएमपेक्षा (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) पातळ चालत नाही, आणि साध्या कॅरीबॅगला 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉनची अट आहे. असो. नियम नियमाच्या जागी, पण आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला या पिशव्यांनी भरलेली एक पिशवी लटकत होती आणि त्यातली एकही धड नव्हती, सगळ्यांचे बंद जिथे चिकटवलेले असतात तिथून सुटलेले. म्हटलं घरात मशीन आहे, आई आहे, आपणच शिवू एक, आणि शिवायचीच तर अस्तर लावून नीट शिवू.

आईचं पहिलं वाक्य, "भाजीच्या पिशवीला अस्तर कशाला रे, लग्नाला जायचंय का तिला?"

तिचं म्हणणं असं की जाड कापड घ्यायचं, दुहेरी शिवण मारायची म्हणजे आतून धागे निघत नाहीत, अर्ध्या तासात पिशवी तयार. तिने आयुष्यभर जुन्या चादरीच्या आणि पडद्याच्या अशाच पिशव्या शिवल्यात आणि त्या टिकल्यात, त्यामुळे वाद घालायला मला फारशी जागा नव्हती. पण मला आत एक खिसा हवा होता, किल्ल्या आणि फोन बटाट्यात जाऊ नयेत म्हणून, आणि पिशवी ओट्यावर ठेवली की आपली आपण उभी राहावी असं वाटत होतं. तर ती "कर तुला काय करायचं ते, सुई मोडू नको" म्हणाली आणि चष्मा लावून शेजारी येऊन बसली, म्हणजे मदत करणार नाही असं म्हणून पूर्ण वेळ तिथेच.

कापडासाठी राजवाड्याकडे गेलो. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट, म्हणजे आपलं एमटी, तिथे मुख्य धंदा ठोकचा, थानच्या थान उचलणारी माणसं, तुम्ही पाऊण मीटर मागितलंत की समोरचा आधी तुमच्याकडे आणि मग घड्याळाकडे बघतो. एकाने प्रेमाने सांगितलं "भिया, रिटेल में देख लो, शीतलामाता बाजार साइड". तिकडे फिरताना एका कटपीसवाल्याकडे ऑफव्हाइट सुती कॅनव्हास मिळाला. घेताना एक करा, कापड चिमटीत धरून चार पदरी दुमडून बघा, कारण बंद चार पदरी होणार आहेत आणि तुमच्या मशीनला ते झेपलं पाहिजे. मी घेतला तो साधारण दहा औंसचा, म्हणजे 340 जीएसएमच्या आसपास. याहून जाड पण होता, दुकानदार तोच गळ्यात मारत होता, "बीस किलो उठा लेगा", पण वीस किलो मला उचलायला नको का.

अस्तराला बाघ प्रिंट घेतलं. बाघ आपल्याकडचंच, धार जिल्ह्यातलं, हरड्यात बुडवून बदामीसर झालेल्या सुती कापडावर लाकडी ठशांनी लाल आणि काळं छापतात, लालाला फिटकरी आणि काळ्याला लोखंड, आणि बाघिनी नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात. खरं म्हणजे हे आत लपवायचं कापड नाही हे मलाही कळतं, आणि आईने ते बोलूनही दाखवलं, पण अस्तर फिकं असावं हे तिचंच म्हणणं. काळं किंवा गडद निळं अस्तर लावलं की पिशवीच्या तळाशी काही दिसत नाही, हात घालून चाचपडत बसायचं. बाघच्या फिक्या जमिनीवर किल्ली लगेच दिसते.

आता मापं, कारण ज्यांना शिवायचीय त्यांना हेच हवं असतं. 44 इंच पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, धरून कॅनव्हास पाऊण मीटर आणि अस्तर अर्धा मीटर पुरतं. कॅनव्हासमधून 16 इंच रुंद आणि साडेसतरा इंच उंच असे दोन तुकडे शेजारी-शेजारी बसतात, आणि त्याच्या खाली उरलेल्या पट्टीतून पन्न्याच्या दिशेने 28 बाय 4 च्या दोन पट्ट्या बंदासाठी. अस्तराचे पण तेवढेच दोन तुकडे, आणि बाजूला जी बारा इंचाची पट्टी उरते तिच्यातून 9 बाय 14 चा तुकडा खिशाला. माया, म्हणजे शिवणीच्या बाहेर कडेला राहणारं कापड, सगळीकडे अर्धा इंच, ती या मापात धरलेली आहे, वेगळी सोडायची नाही.

पण बेतायच्या आधी दोन्ही कापडं धुवायची. हे लोक टाळतात. नवं सुती कापड आटतंच, आणि उभ्या धाग्यात आडव्यापेक्षा जास्त आटतं कारण मागावर उभा धागा ताणून धरलेला असतो, आणि कॅनव्हास आणि अस्तर सारखं आटेल याची काही गॅरंटी नाही. न धुता शिवलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आखडतं आणि बाहेरचं कापड सुरकुततं, मग कितीही इस्त्री करा. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या बादल्यांत रात्रभर भिजवली, बाघचा लाल रंग थोडा सुटला, शेजारच्या काकूंनी गॅलरीतून सांगितलं की मीठ टाक म्हणजे रंग पक्का होतो. आमच्याकडे सगळेच टाकतात. माझा काही विश्वास नाही, रंग पक्का व्हायचा तो छापताना होतो, उरलेला जो वर बसलेला असतो तो दोन-तीन पाण्यात निघून जातो आणि मग थांबतो, आणि तसा थांबलाच. अर्धवट ओलं असतानाच इस्त्री केली, कॅनव्हास पूर्ण वाळला की त्याच्या घड्या मोडत नाहीत.

आईची मशीन जुनी, काळी, पायाची. रिव्हर्स नाही तिला. त्यामुळे टीप पक्की करायची तर शेवटाला सुई कापडात रुतवून ठेवायची, फूट उचलायचा, कापड गोल फिरवायचं आणि त्याच टिपेवरून इंचभर परत यायचं. थोडं वेळखाऊ आहे पण एकदा हात बसला की बरं वाटतं. सुई 16 नंबरची घातली, धागा पॉलिस्टरचा, आणि टाका नेहमीच्या ब्लाउजच्या टाक्यापेक्षा मोठा, इंचाला सात-आठ. बारीक टाका जाड कापडाला उलट वाईट, सुई जवळजवळ भोकं पाडत जाते आणि ओढ आली की तिथूनच रेघ फाटते. हे मला आईने एका वाक्यात सांगितलं, "टाका लांब ठेव, पोस्टाचं तिकीट होईल त्याचं". तिकिटाच्या कडेची भोकं आठवा म्हणजे समजेल.

पहिलं काम बंद. यातच सगळ्यात जास्त वेळ गेला आणि गेला ते बरंच झालं. चार इंची पट्टी उभी मधोमध दुमडून इस्त्री, उघडायची, दोन्ही कडा मधल्या घडीपर्यंत आणून परत इस्त्री, आणि मग पुन्हा मधोमध बंद करायची, की एक इंची चार पदरी पट्टी तयार, कच्ची कड कुठेच बाहेर नाही. कॅनव्हासला नुसत्या इस्त्रीने घडी बसत नाही, वरून पाणी शिंपडून दाबून धरावं लागतं, बोटं भाजतात, मी शेवटी लाकडी पट्टीने दाबत गेलो. मग दोन्ही कडांना अगदी काठालगत टीप. आई म्हणाली बाजारात नवारपट्टी मिळते ती का नाही घेतलीस, आणि ते बरोबरच आहे, एक इंची नवार आणली तर हा सगळा भाग पाच मिनिटांत संपतो. पण नवार खांद्याला टोचते आणि कोरी नवार आणि हा कॅनव्हास यांचा रंग काही जमत नव्हता.

खिसा सोपा. 9 बाय 14 चा तुकडा सुलट बाजू आत ठेवून अर्ध्यात दुमडला, तीन बाजूंनी टीप, खालच्या टिपेत दोन-अडीच इंच तोंड उघडं सोडलं, तिथून उलटवला, कोपरे पेन्सिलीने नाही तर विणकामाच्या सुईच्या मागच्या बाजूने बाहेर काढले (पेन्सिल डाग सोडते), इस्त्री केली आणि अस्तराच्या एका तुकड्याच्या सुलट बाजूवर, वरच्या कडेपासून चार इंच खाली, दोन बाजू आणि तळ टीप मारून बसवला. उघडं तोंड तळाच्या टिपेतच बंद होतं. वरच्या दोन टोकांना छोटा त्रिकोण मारला, खिसा फाटतो तो तिथूनच.

मग बाहेरची पिशवी, सुलटावर सुलट ठेवून दोन बाजू आणि तळ, तीन टिपा. आता इथपर्यंत ही नुसती सपाट पिशवी आहे, आईच्या पिशव्यांसारखीच. ती उभी राहते ती कोपऱ्यांमुळे. एक कोपरा हातात घ्यायचा आणि बाजूची शिवण आणि तळाची शिवण बरोबर एकावर एक येतील असा चपटा करायचा, त्याचा त्रिकोण होतो, टोक बाहेर. दोन शिवणी एकावर एक आल्यात की नाही हे डोळ्याने नाही कळत, शिवणीतून टाचणी आरपार घालायची, खालून ती पण शिवणीतूनच निघाली पाहिजे. माया दोन्हीकडे विरुद्ध दिशेला पाडली की तिथे गाठोडं होत नाही. मग शिवणीच्या टोकापासून 2 इंच आत आडवी रेघ खडूने, ती रेघ मोजली तर बरोबर 4 इंच भरते, त्रिकोणच तसा असतो, टोकापासून जेवढं आत याल त्याच्या दुप्पट रुंदी. त्या रेघेवर दोनदा टीप. झाला 4 इंची तळ. काही लोक शिवायच्या आधीच खालच्या कोपऱ्यांतून चौकोन कापून घेतात, ते पण चालतं, फक्त तेव्हा 4 इंची तळाला चौकोन अडीच इंचाचा कापायचा, दोनचा नाही, कारण प्रत्येक बाजूची अर्धा इंच माया शिवणीत जाते आणि दोनच्या चौकोनाचा तळ तीनच इंच होतो. मी कापला नाही, त्रिकोण तसेच ठेवले, त्यांचा पुढे उपयोग आहे.

अस्तराचं सगळं हेच, दोन फरक. एक म्हणजे तळाच्या शिवणीत मधोमध पाच इंच जागा उघडी सोडायची. दुसरं म्हणजे बाजूच्या आणि तळाच्या टिपा अर्ध्या इंचाऐवजी किंचित जास्त आत, पाच सूत म्हणा (आठ सुतांचा एक इंच). अस्तर बाहेरच्या पिशवीच्या आत बसणार आहे म्हणजे ते केसभर लहानच हवं, सारख्याच मापाचं केलं तर आत त्याचा झोळ पडतो आणि खिसा लोंबकळतो. आईला हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा काही न बोलता मान हलवून गेली.

आता जोडणी. इथे डोकं थोडं शांत ठेवावं लागतं कारण जे दिसतं ते सगळं उलटं असतं. बाहेरची पिशवी सुलट करून ठेवली. तिच्या वरच्या कडेला बंद लावायचे, पण खाली लोंबते ठेवून, म्हणजे बंदाचा गोल पिशवीच्या पोटावर पडलेला आणि टोकं वर, आणि टोकांचं दीड-दीड इंच शेपूट कडेच्या वर निघालेलं. दोन टोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत सहा इंच. पीळ पडलेला नाही ना बघायचं, आणि कच्च्या टाक्यांनी धरून ठेवायचं. मग ही अख्खी पिशवी उलट्या अस्तराच्या आत घालायची, उशी अभ्र्यात कोंबतात तशी, म्हणजे दोघांच्या सुलट बाजू एकमेकींना लागतात आणि बंद मध्ये कुठेतरी अडकलेले, दिसतच नाहीत. बाजूच्या शिवणी जुळवून टाचण्या, इथे अस्तर थोडं तोकडं वाटेल पण ते सुती आहे, ओढून बसतं. वर गोल अर्धा इंचावर टीप.

या क्षणी हातात जे असतं ते बघून कोणालाही वाटेल की सगळं वाया गेलं. बाहेर अस्तराची उलट बाजू, वर चार शेपट्या, पिशवी कुठे दिसत नाही. आमच्या बाबांनी येता-जाता बघून "हे काय, उशी?" असं विचारलं. मग अस्तराच्या तळाच्या त्या पाच इंचातून हात घातला, कॅनव्हासचा एक कोपरा पकडला आणि ओढायला लागलो. कॅनव्हास जाड, तोंड पाच इंचाचं, सुरुवातीला काही हलत नाही, मग एक कोपरा येतो, मग बंद, बंद आले की बाकीचं आपोआप सुटतं आणि अचानक हातात सुलटी पिशवी आणि तिच्या तोंडाला जोडलेलं सुलटं अस्तर. ते आत ढकललं की झाली पिशवी. आई लगेच "दाखव बघू" म्हणून हातात घेऊन शिवणी उलगडून बघायला लागली आणि कुठे धागा सुटलाय का शोधत होती, आणि अस्तराच्या पिशवीत मुळात कच्ची कड दिसतच नाही ना, सगळ्या कडा दोन कापडांच्या मध्ये गेलेल्या.

तळाचं तोंड बंद करायच्या आधी एक काम, ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्या तोंडातूनच आत हात घालून कॅनव्हासच्या कोपऱ्याचा त्रिकोण आणि अस्तराच्या त्याच कोपऱ्याचा त्रिकोण एकमेकांना हाताने पाच-सहा टाके घालून बांधून टाकायचे. दोन्हीकडे. मग पिशवीतून काही काढताना अस्तर सामानाबरोबर बाहेर येत नाही. त्यासाठीच त्रिकोण कापले नव्हते. मग तोंडाच्या कडा आत दुमडून काठालगत टीप.

शेवटी वरून दाबटीप, कडेपासून पाव इंचावर, सगळीकडे गोल. आणि इथेच मशीनची परीक्षा. बंदाच्या जागी पदर मोजा, बाहेरचा कॅनव्हास एक, त्याची माया एक, बंदाचे चार, अस्तराची माया एक, अस्तर एक, म्हणजे आठ पदर सुईखाली. पॅडल मारत गेलात तर सुई मोडते, हमखास. तिथे पोचलो की पाय खाली, हात चाकावर, एक-एक टाका हाताने चाक फिरवून. मध्ये मशीन टाके सोडायला लागली, वरचा धागा उचलायचाच नाही, तर आईने काही न बोलता सुई काढून नवी घातली, तेवढंच होतं, जाड कापडाने सुईचं टोक बोथट होतं आणि दिसत नाही. मग शेपट्यांवरून, ज्या आता आत अस्तर आणि कॅनव्हासच्या मध्ये आहेत, एक चौकोन आणि त्याच्या आत फुली अशी टीप, चारही ठिकाणी. ही फुली शोभेची नाही. बंद फक्त कडेच्या शिवणीत धरला तर सगळं वजन त्या एका रेघेवर येतं, आणि फुली मारली की ते सव्वा इंच उंचीच्या चौकोनभर वाटलं जातं. बाजारातल्या पिशव्या सुटतात त्या हे नसल्यामुळेच. आईच्या आणि माझ्या वादात इथे मात्र तिचंच खरं ठरलं, वजन अस्तर उचलत नाहीच, कॅनव्हास आणि बंद उचलतात. अस्तराचं काम वेगळं, आतल्या कडा झाकायच्या, खिसा धरायचा, आणि बंदाची शेपटं लपवायची.

पिशवी भरते किती, तर तळ 11 बाय 4 आणि उभी राहिल्यावर उंची साडेचौदा, म्हणजे साधारण दहा लिटर. आईने पाच किलोचा आटा आणि वर एक नारळ घालून दाराच्या कडीला रात्रभर टांगून ठेवली. सकाळी बंद जरा ताणलेला दिसला, शिवण हललेली नव्हती. उरलेल्या चिंध्या कुठल्या डब्यात टाकायच्या यावर घरात वेगळीच चर्चा झाली, आपल्याकडे कचरागाडीला सहा प्रकार वेगळे करून द्यावे लागतात, कापड कोरड्यात जातं, पण आईने त्या दिल्याच नाहीत, मशीन पुसायला ठेवल्या.

एक गोष्ट बदलायला हवी ती वापरायला लागल्यावर कळली. बंद 28 इंच कापले की दोन्ही शेपटं आणि माया जाऊन 24 इंचाचा गोल उरतो, खांद्यावर घ्यायला मस्त, पण आपली सगळी भाजी येते स्कूटरच्या पुढच्या हुकाला लटकवून, आणि एवढा लांब बंद हुकाला अडकवला की पिशवी पायाशी टेकते. सध्या बंदाला एक गाठ मारून काम चालतंय. आईने तिच्यासाठी एक सांगितली आहे, बंद 18 कापायचे, हातात धरायची, खिसा आत नको बाहेर हवा म्हणजे सुटे पैसे पटकन काढता येतात. आणि अस्तर, म्हणाली, ते तुझं बाघवालं नको, घरात मांजरपाट पडलंय ते लाव.